दुसरी रेघ आलीच नाही: घरी करायच्या सिलिअॅक किटबद्दल

प्रूफं वाचायचं भिंग मी याआधी कधी रक्तावर धरलं नव्हतं. सिलिअॅक, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन खाल्ल्यावर प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते तो आजार, घरी तपासायच्या पट्टीवर ‘सी’ या अक्षरासमोर गुलाबी रेघ ठसठशीत उमटली होती. ‘टी’समोर काहीच नव्हतं. भिंग लावलं, पट्टी खिडकीपाशी नेली, तिरपी धरून पाहिली. पुसट अनुस्वार शोधण्यात माझी वीस वर्षं गेलीत, त्यामुळे रेघ असती तर सुटली नसती. पत्रकात लिहिलं होतं की एकच रेघ म्हणजे निगेटिव्ह. मी ताईला सांगितलं, “सिलिअॅक नाही. सुटले.”

सात महिन्यांनी दुर्बिणीच्या तपासणीत आतड्याचे तुकडे काढले आणि कळलं, की तो आजार होता आणि बहुधा बरीच वर्षं होता.

हे परीक्षण त्या किटचं आहे. नाव लिहीत नाही. सारख्याच पट्ट्या निरनिराळ्या नावांच्या खोक्यांत मिळतात, आणि माझं भांडण एका कंपनीपेक्षा खोक्यावर काय छापलं आणि काय आत दडवलं याच्याशी आहे. पाचपैकी दोन तारे. ते दोन कशाचे, हेही प्रामाणिकपणे सांगते.

खोक्यात काय येतं ते आधी. टोचायच्या दोन सुया, म्हणजे एक वाया गेली तर दुसरी. अल्कोहोलचा फडका, रक्त ओढून घेणारी काडीएवढी नळी, द्रावणाची छोटी बाटली, सीलबंद पाकिटात पट्टी आणि आठ घड्यांचं माहितीपत्रक. पहिली सुई मी करंगळीशेजारच्या बोटाला लावली, खट्ट आवाज झाला, रक्त काही येईना. हात गार होते. कोमट पाण्यात दोन मिनिटं धरले, हात खाली सोडून झटकले, दुसरी सुई बोटाच्या टोकाला न लावता कडेला लावली आणि मग थेंब आला. नळीने रक्त आपसूक ओढून घेतलं, ही त्यातली खरोखर सुबक गोष्ट. ते बाटलीत मिसळायचं, मग त्यातले थेंब पट्टीच्या खळग्यात टाकायचे आणि दहा मिनिटं थांबायचं. कोणालाही जमेल. एक तारा या सोपेपणाचा.

दुसरा तारा अशासाठी, की पट्टी योग्य गोष्ट शोधते. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एक एन्झाइम आपल्याच शरीरात असतं. सिलिअॅक असलेल्या माणसाच्या पोटात गहू, जव किंवा राय यातलं ग्लुटेन गेलं, की शरीर या एन्झाइमविरुद्ध प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) तयार करतं. १९९७ साली जर्मन संशोधकांनी हे नेमकं लक्ष्य ओळखलं, आणि आज जगभर पहिली तपासणी म्हणून रक्तात हीच प्रतिद्रव्यं बघतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती ‘टीटीजी आयजीए’ अशी लिहिलेली असते: टीटीजी हे त्या एन्झाइमचं लघुरूप, आयजीए हा प्रतिद्रव्यांचा एक प्रकार. पट्टीही तीच शोधते, फक्त आकडा देत नाही. आहे किंवा नाही, एवढंच. तेव्हा हे किट म्हणजे भोंदूगिरी नव्हे. भोंदूगिरीचा नमुना ताईने मागवला होता, त्याकडे पुढे येते.

आता उरलेले तीन तारे कुठे गेले.

किट मागवलं तेव्हा मी गहू सोडून अकरा आठवडे झाले होते. सोडण्याचं कारण साधंच. पोट सारखं डब्ब, दुपारनंतर चोळी-पट्टा नकोसा व्हायचा, तोंडात पांढरे फोड येऊन जाऊन असायचे आणि अंगात त्राण नसायचं. कोणीतरी म्हणालं, गहू बंद करून बघ. केला. पंधरा दिवसांत पोट उतरलं, डोकं हलकं झालं. मग वाटलं, एकदा खात्री करून घेऊ. म्हणून किट.

यातच सगळा घोळ आहे. ग्लुटेन बंद झालं की प्रतिद्रव्यं हळूहळू उतरतात. काहींची काही आठवड्यांत मर्यादेखाली जातात, काहींना वर्षही लागतं. मी औषध आधी घेतलं आणि आजार नंतर शोधायला निघाले. पुढे पोटविकारतज्ज्ञांनी हे ऐकलं तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही चुका आधी खोडल्यात आणि मग प्रूफ वाचायला दिलंत.” माझा व्यवसाय काय ते त्यांना पाच मिनिटांपूर्वीच कळलं होतं, आणि ते वाक्य त्यांनी मुद्दाम जुळवलं असणार. पण बसलं मात्र नेमकं.

किटच्या खोक्यावर, झाकणाच्या आत किंवा पायऱ्यांची चित्रं असलेल्या पानावर याबद्दल एक अक्षर नाही. आहे ते पत्रकाच्या सातव्या घडीवर, ‘मर्यादा’ या शीर्षकाखाली, चौथ्या मुद्द्यात. ‘ग्लुटेनरहित आहार घेत असलेल्या व्यक्तींमध्ये निष्कर्ष चुकीचा नकारात्मक येऊ शकतो.’ टंक इतका बारीक, की त्यासाठीसुद्धा भिंगच लागलं. हे मी वाचलं कधी? सात महिन्यांनी, रागाने. दुसऱ्यांची पानं पोटासाठी वाचणारी मी, स्वतःच्या पोटाचं पान पूर्ण वाचलं नाही. हा दोष माझा. पण ज्या एका वाक्यावर अख्खी चाचणी उभी आहे, ते सातव्या घडीवर का? असं किट मागवणाऱ्यांत गहू आधीच सोडलेले लोक थोडेथोडके असतील असं मला वाटत नाही. बरं वाटलं म्हणूनच तर शंका येते!

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्वच्छ आहेत. तपासणीआधी किमान ६ आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळच्या खाण्यात ग्लुटेन असलं पाहिजे. एवढं एक वाक्य झाकणावर ठळक छापलं असतं तर मी तिसरा ताराही दिला असता आणि माझे सात महिनेही वाचले असते.

चौथ्या ताऱ्याची गोष्ट जरा तांत्रिक आहे, पण सोडवत नाही. पट्टी शोधते ती प्रतिद्रव्यं आयजीए प्रकारची. काही माणसांच्या शरीरात आयजीए मुळातच अगदी कमी बनतं, आणि सिलिअॅकच्या रुग्णांत अशांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, साधारण २ ते ३ टक्के. अशा माणसाच्या पट्टीवर आजार असूनही रेघ येणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून प्रयोगशाळेत टीटीजीच्या जोडीने एकूण आयजीएही मोजतात, आणि ते फारच कमी निघालं तर आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिद्रव्यांच्या तपासण्यांकडे वळतात. माझ्या किटमध्ये एकूण आयजीए तपासण्याची सोय नव्हती. माझं आयजीए पुढे व्यवस्थितच निघालं, त्यामुळे या त्रुटीचा मला फटका बसला नाही. दुसऱ्या कोणाला बसेल.

पाचवा तारा ताईच्या नावाने कापला.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पोटाचा त्रास दोघींनाही, पण तिचा गाजावाजा जास्त. जेवण झालं की पोटात गुडगुड, कळ येऊन धावत जावं लागणं, एकदा बैठकीतून उठून गेली ती परत आलीच नाही. बद्धकोष्ठ आणि जुलाब यांचे पाळीपाळीने फेरे. घरात सगळ्यांचं मत एकच होतं: ग्लुटेनचा आजार कोणाला असेल तर ताईला. मी काय, थोडं फुगतं, थोडं थकायला होतं. माझी तक्रार कोणी तक्रार म्हणून घेतच नव्हतं, मीही नाही.

निकाल उलटा लागला. आवाज तिचा, आजार माझा.

तिने माझ्यासोबतच तेच किट वापरलं होतं. गहू रोज खात असताना. तिचीही एकच रेघ, आणि तिच्या बाबतीत ती खरी होती. पुढे प्रयोगशाळेतही टीटीजी सामान्य, एकूण आयजीए सामान्य. म्हणजे दोन बहिणी, एकाच सकाळी, एकाच टेबलावर, दोन सारख्या पट्ट्या. एक खरं बोलली आणि एक खोटं, आणि नुसतं बघून कोणती कुठली ते सांगता आलं नसतं.

बरं, ‘सिलिअॅक नाही’ या उत्तराने ताईचं पोट थोडंच थांबणार होतं? किटच्या जाहिरातीत ‘तुमच्या पोटदुखीचं कारण शोधा’ असं लिहिलंय. पट्टी एक कारण आहे की नाही एवढंच सांगते, उरलेल्या कारणांबद्दल मुकी असते. मग ताईने ते दुसरं पॅकेज मागवलं. बोटाच्या रक्तावरून २०० पदार्थांची ‘असहिष्णुता’ सांगणारं. अहवाल रंगीत, पुठ्ठ्याच्या फाइलीत. एकतीस पदार्थ लाल रकान्यात, आणि ते एकतीस वाचताना मी म्हटलं, “ताई, ही तर तुझी नेहमीच्या खाण्याची यादी आहे.” मी गमतीने म्हटलं होतं, पण मुद्दा बराचसा तोच निघाला. या चाचण्या आयजीजी प्रकारची प्रतिद्रव्यं मोजतात. ती एखादा पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे एवढं दाखवतात, तो बाधतो असं नव्हे. युरोपातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच अशा चाचण्यांवर विसंबून अन्न बंद करू नका असं लिहून ठेवलंय. ताईने एकतीसपैकी सव्वीस पदार्थ महिनाभर सोडले, वजन घटवून घेतलं आणि चिडचिडी झाली. त्या पॅकेजला मी शून्य तारे देते आणि विषय संपवते.

तिला खरं उत्तर मिळालं ते सावकाश आणि कंटाळवाण्या मार्गाने. डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न मला फार आवडले, कारण त्यांत गव्हाचं नाव बराच वेळ आलंच नाही. रात्री झोपेतून उठून संडासला जावं लागतं का? शौचातून रक्त? न ठरवता वजन उतरलं? ताप? संडास झाल्यावर दुखणं कमी होतं का? कोणती औषधं चालू आहेत? दूध प्यायल्यावर काय होतं? घरात कोणाला आतड्याचा आजार, थायरॉईड, लहानपणापासूनचा मधुमेह? रात्री उठवणारे जुलाब, रक्त, घटतं वजन, रक्तक्षय यातलं काही असलं तर नुसतं ‘पोट नाजूक आहे’ म्हणून सोडून देता येत नाही. ताईला यातलं काही नव्हतं. विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन तपासलं, तेही सामान्य. आतड्याला सूज आणणाऱ्या क्रोन्ससारख्या आजारात ते वाढतं. थायरॉईड ठीक. हायड्रोजन श्वासचाचणीही केली, लॅक्टोज पिऊन दर थोड्या वेळाने नळीत फुंकर मारायची. दुधातली साखर पचली नाही तर मोठ्या आतड्यातले जंतू ती आंबवतात आणि श्वासात हायड्रोजन वाढतो. तिचा वाढला नाही.

शेवटी नाव पडलं आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम: आतड्यात दिसण्यासारखं नुकसान नसतं, पण पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी चालू राहतात. ताईला वाटलं, काही सापडलं नाही की हे नाव चिकटवतात. तसं नाही. अशा तक्रारींचं निदान कसं करायचं ते सांगणाऱ्या, २०१६ साली ठरलेल्या रोम ४ निकषांत नीट लिहिलंय: गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी निदान एक दिवस पोटदुखी, तिचा संबंध शौच, त्याच्या बदललेल्या वेळा आणि बदललेलं स्वरूप यांपैकी निदान दोन गोष्टींशी, आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची. ताई या वर्णनात चपखल बसत होती.

मग आहारतज्ज्ञांनी तिला काही आठवडे फ्रुक्टान कमी असलेलं खाणं दिलं, आणि नंतर एकेक वस्तू परत आणून पाहायला लावली. कांदा आणला, पोट फुगलं. लसूण, तेच. गहू, थोडं तेच. फ्रुक्टान ही कर्बोदकं आहेत, ती कांद्या-लसणात असतात आणि गव्हातही. म्हणजे ताईला गहू बाधतो हे घरचं निदान बरोबर होतं, फक्त गव्हातला आरोपी चुकीचा पकडला होता. ऑस्लोत २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सिलिअॅक नसून स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या ५९ जणांना ग्लुटेन असलेल्या, फ्रुक्टान असलेल्या आणि दोन्ही नसलेल्या वड्या आळीपाळीने, कोणती कुठली ते न सांगता दिल्या. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टानच्या वड्यांनी झाला. ताईने हे वाचल्यावर मला नुसता अंगठा पाठवला.

म्हणून ‘गहू सोडला आणि बरं वाटलं’ हा पुरावा नाही. तो मलाही होता आणि ताईलाही. मला ग्लुटेन सोडल्याने, तिला फ्रुक्टान सोडल्याने. शिवाय गव्हाची अॅलर्जी ही तिसरीच भानगड. ती बहुधा खाल्ल्यापासून काही मिनिटं ते दोनेक तासांत अंगावर गांधी, खाज, सूज, कधी दम लागणं अशी येते, आणि तिची तपासणीही निराळी. किटच्या पत्रकात हे तिन्ही शब्द एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी वापरलेत. मी पेन्सिलीने खुणा केल्यात.

गंमत अशी की सिलिअॅकमध्ये गव्हाचा हात आहे हे कळलं ते मात्र गहू नसण्यातूनच. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना १९३० च्या दशकापासून तशी शंका होती. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला आणि त्यांच्याकडची ही मुलं सुधारली. पुरवठा सुरू झाल्यावर पुन्हा खालावली. १९५० साली त्यांनी यावर प्रबंध सादर केला. प्रतिद्रव्यांची पट्टी सोडाच, या आजारातल्या प्रतिद्रव्यांचीच कल्पना नव्हती. पण त्यांनी मुलांना तोलून, मोजून, वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या. मी नुसतं ‘हलकं वाटतंय’ म्हणून मोकळी झाले होते.

माझ्याकडे परत येते. निगेटिव्ह पट्टीनंतर मी अर्धवट गहू खात राहिले, कधी चार दिवस बंद, कधी समारंभात भरपूर. हिमोग्लोबिन ९.८, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ६, दोन्ही कमी. लोहाच्या गोळ्या वर्षभर घेऊनही आकडा जागचा हलत नव्हता, आणि पाळीच्या रक्तस्रावावर खापर फोडून सगळे मोकळे होत होते. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलिअॅकमध्ये आधी खराब होतो तोही तोच भाग. थायरॉईडची गोळी मी एकोणतिसाव्या वर्षापासून घेते, तेही प्रतिकारशक्तीने आपल्याच ग्रंथीवर उलटण्यातूनच. तोंडातले फोड होतेच. पोटविकारतज्ज्ञांनी हे सगळं एका ओळीत मांडलं आणि म्हणाले, “पोटापेक्षा तुमचं रक्त जास्त बोलतंय.” सिलिअॅकच्या प्रत्येक माणसाला जुलाब होतातच असं नाही. कोणाला बद्धकोष्ठ असतं, कोणाची हाडं ठिसूळ होतात, कोणाच्या कोपरा-गुडघ्यांवर खाजरे फोड येतात, कोणाला पोटाचं काहीच नसतं. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पत्ताच नसतो, तो यामुळेही.

मला त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, जनुकांची तपासणी. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही नसतील तर सिलिअॅक जवळजवळ नाहीच, मग गहू खाण्याचीही गरज नाही. पण असतील तर काहीच ठरत नाही, कारण ती ३० ते ४० टक्के लोकांत असतात आणि त्यातल्या थोड्यांनाच आजार होतो. (किटची कंपनी ही तपासणीसुद्धा विकते, ‘तुमचा धोका जाणून घ्या’ म्हणून. जनुक सापडलं म्हणून घाबरलेल्या माणसाला पुढचं किट विकणं सोपं.) दुसरी वाट, सहा आठवडे गहू खाऊन पुन्हा तपासणी. मी दुसरी घेतली.

ते सहा आठवडे मला किटच्या खोक्यात हवे होते, छापील इशारा म्हणून. रोज सकाळी ब्रेडचे दोन तुकडे, संध्याकाळी पुन्हा दोन, औषधासारखे. पहिल्या तीन दिवसांत काही झालं नाही आणि मी आशेला लागले. पाचव्या दिवशी पोट ढोलासारखं. वहीत मी विष्ठेचा ब्रिस्टल तक्त्यातला क्रमांक लिहायचे, १ म्हणजे खडे, ७ म्हणजे पाणी. पहिल्या पानावर ४, ४, ३. तिसऱ्या पानावर ६, ६, ७, आणि समोर माझ्याच अक्षरात: ‘दु. २ ते ४ आडवी पडले. प्रूफात अख्खी ओळ सुटली.’ वीस वर्षांत ओळ सुटली नव्हती. विसाव्या दिवशी जिभेच्या कडेला तीन फोड. दूधही बाधायला लागलं, आधी कधी बाधलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, शक्य आहे, लॅक्टोज पचवणारं एन्झाइम आतड्याच्या अस्तरावरच्या केसांएवढ्या उंचवट्यांच्या टोकांवर असतं. टोकंच झिजली तर दूध कोण पचवणार? म्हणजे श्वासचाचणी त्या आठवड्यात केली असती तर ‘लॅक्टोजचा त्रास’ असा निकाल आला असता, खरा असूनही अर्धवट. खालचं कारण तसंच दबून राहिलं असतं.

सहा आठवड्यांनी शिरेतून रक्त. टीटीजी ३८, तिथली मर्यादा १०. लहान मुलांत आकडा मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून वर असला आणि दुसऱ्या नमुन्यातही वेगळ्या प्रतिद्रव्यांनी दुजोरा दिला, तर काही वेळा तुकडे न काढताही निदान करतात. मी मूल नव्हते आणि आकडाही तेवढा नव्हता, म्हणून दुर्बीण. घशात कडू फवारा मारला, तोंडात प्लॅस्टिकची कडी दिली, पुढचं फारसं आठवत नाही. लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या तोंडाशी दोन आणि पुढे चार, असे सहा तुकडे घेतले. नुकसान सगळीकडे सारखं नसतं, एकच तुकडा घेतला आणि तो नेमका निरोगी जागेतला निघाला तर पुन्हा निगेटिव्ह. अहवालात मार्श ३ए, म्हणजे ते उंचवटे काही प्रमाणात सपाट. आणि खाली एक ओळ: रक्ततपासणीच्या संदर्भात वाचावे. ती ओळ मला फार आवडली. कारण जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीच्या संसर्गानेही अस्तर असं दिसू शकतं, ओल्मेसार्टन नावाच्या रक्तदाबाच्या गोळीनेही. तुकडासुद्धा एकटा पुरेसा बोलत नाही.

आता ग्लुटेन पूर्ण बंद, कायमचं. पाकिटांवरची अक्षरं वाचायची सवय होतीच, किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत म्हणजे ग्लुटेनरहित, हे त्यात भरीला. सहा महिन्यांनी टीटीजी १४, फेरिटिन ३१. ताई कांदा मोजून खाते आणि गहू थोडासा खाते, आणि मी तिच्याकडे बघत बसते.

किट कोणी घ्यावं? गहू रोज खाणाऱ्याला डॉक्टरांकडे जायला जीवावर येत असेल, आणि दुसरी रेघ बघून तो उठणार असेल, तर घ्यावं. पण रेघ आली म्हणून त्याच दिवशी गहू सोडला तर पुढची तपासणी पुन्हा माझ्यासारखीच बिघडली म्हणून समजा. रेघ न आल्यास, आणि लोह कमी असेल, वजन घटत असेल किंवा जवळच्या नात्यात कोणाला हा आजार असेल, तर पट्टीचं ऐकू नये. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात दहात एकाच्या आसपास हे निघतं. माझ्या मुलाची तपासणी आम्ही सरळ प्रयोगशाळेत केली, एकूण आयजीएसकट. सध्या नाही. काही वर्षांनी पुन्हा बघायला सांगितलंय.

माहितीपत्रकाच्या आठही घड्या मी दुरुस्त करून, सातव्या घडीवरचं वाक्य बाणाने झाकणाकडे नेऊन, कंपनीला पोस्टाने पाठवल्या. एकूण त्रेचाळीस दुरुस्त्या, त्यात ‘आजाराचे’ च्या जागी ‘आजारचे’ दोनदा. तीन आठवड्यांनी ईमेल आली. आभार मानले होते आणि एक छोटी प्रश्नावली भरायला सांगितली होती. प्रश्न एकच: किट वापरायला सोपं वाटलं का? पाचपैकी पाच देण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.